तिचा ताल चुकत नव्हता

गेल्या वर्षी जानेवारीत मी सहावीतल्या एका मुलीला रडवलं. शाळेच्या गॅदरिंगचं समूहगीत रेकॉर्ड करत होतो आणि मधल्या दोन ओळी तिने एकटीने गायच्या होत्या. एरवी लयीला पक्की पोर, पेटीसमोर बसवली तर मात्रा हलायची नाही. पण हेडफोन घालून माइकसमोर उभी राहिली की दुसऱ्या ओळीपासून मागे मागे रेंगाळायची. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत होते. "अगं, ताल चुकतोय तुझा. ठेक्याकडे लक्ष दे की जरा!" माझा आवाज चढलाच. तिने हेडफोन काढला, डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, मला माझाच आवाज उशिरा येतोय."

ती गेल्यावर मी तो हेडफोन घातला आणि माइकसमोर नुसती टाळी वाजवली. हात आधी, आवाज नंतर. फार नाही, पण जाणवेल इतका.

संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, घागरीने घेतो. माइकमधून सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे मोजलेले बारीक तुकडे, येतात. थोडे साठले की घागर भरली, संगणकाने ती उचलली, त्यावर घुमारा वगैरे चढवला आणि दुसऱ्या घागरीतून हेडफोनकडे ओतली. या घागरीला म्हणायचं बफर. माझा बफर होता 1024 नमुन्यांचा. 1024 भागिले 44,100, म्हणजे 23 मिलिसेकंद. येताना एक घागर, जाताना एक, वरची किरकोळ देणीघेणी धरून पन्नास. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे पन्नास मिलिसेकंदांत 17 मीटर. थोडक्यात, त्या पोरीला मी आमच्या घरात उभं केलं होतं, तिचा आवाज गल्लीच्या टोकाला ठेवलेल्या स्पीकरमधून ऐकवत होते आणि वर तिलाच बोलत होते.

मग बफर लहान का नाही केला? केला होता ना. 256 वर आणला की माझा 2016 चा लॅपटॉप कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडायचा. दोन कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे दोनच हात, 8 जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क. गंमत म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम 45 टक्के कामात दिसायचा. अर्धा रिकामा असूनही तडतड कशी, हे मला कितीतरी महिने कळत नव्हतं.

कळलं ते असं. 48,000 नमुन्यांच्या दराने आणि 64 च्या बफरवर काम करायचं तर संगणकाला दर 1.33 मिलिसेकंदाला एक घागर भरून द्यावी लागते. सेकंदाला 750 वेळा. त्यातल्या 749 अगदी आरामात दिल्या आणि एक चुकली, तरी कानात 'कट्'. सरासरी 45 टक्के असली काय आणि 20 असली काय, त्या एका चुकीला सरासरी वाचवत नाही. मला आमच्या पंचवटीतल्या दोन तबलजींची आठवण झाली. एकाचा हात असा की रेला सुरू झाला की लोक माना डोलवायचे, पण समेवर यायला कधी केसभर उशीर. दुसरे काका आयुष्यभर साधा ठेका वाजवत आले, पण सम म्हणजे सम. भजनाला कुणाला बोलवायचं, हा प्रश्न आमच्या मंडळात कधी पडलाच नाही. संगणक घेताना मात्र सगळी दुनिया आपल्याला पहिल्या तबलजीकडे ढकलते.

इथे कुणीतरी म्हणेल की माइक संगणकाला जोडणाऱ्या साउंड कार्डावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबायचं, विषय संपला. बरोबर आहे, आणि ते बटण मला माहीत नव्हतं ही माझी लाज. त्याने माइकचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो, उशीर शून्य. पण तो कोरडा येतो. लहान मुलं स्वतःचा कोरडा आवाज ऐकून आक्रसतात, थोडा घुमारा दिला की मोकळी होतात. शिवाय मी कीबोर्डवर तानपुरा, बासरी, व्हायोलिनं वाजवते तेव्हा आवाज मुळात संगणकाच्या पोटातच जन्मतो. तिथे ते बटण काय करणार?

मे महिन्यात भिशीचा माझा नंबर लागला, गॅदरिंगच्या ट्रॅकचे थोडे पैसे होते, आणि एक लाखाच्या आत काय तो नवा संगणक बसवायचं ठरलं. सिडकोतला माझा भाचा या विषयात पंडित. त्याने रात्रीतून यादी पाठवली. पाण्याने थंड होणारा प्रोसेसर, काचेचा कॅबिनेट, सात रंगांचे दिवे, आणि यादीतली सर्वात महाग वस्तू ग्राफिक्स कार्ड. बेरीज एक लाख साठ हजार.

"मावशी, एकदाच घ्यायचं तर फास्ट घे ना!"

"मला फास्ट नको रे, वेळेवर हवंय."

तो अर्धा तास गप्प बसला. मग मात्र खरंच कामाला लागला, आणि पुढचं बरंचसं श्रेय त्याचंच आहे.

प्रोसेसरवर आम्ही सर्वात जास्त डोकं खाजवलं. सोळा कोर, चोवीस कोर असे आकडे बघून वाटतं की जितके जास्त तितकं चांगलं. पण गाण्यातलं काम वाटलं कसं जातं ते बघा. एका ट्रॅकवर मी आधी नको तो घरघराट कापते, मग आवाजाची चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर लावते, मग खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा इक्यू, मग घुमारा. हे एकामागून एकच व्हावं लागतं, कारण पुढच्याला मागच्याचं उत्तर हवं असतं. एक पोळी चार बायका मिळून लाटू शकत नाहीत. चार पोळ्या असतील तर चौघी लाटतील, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोरवर जातील. पण सगळे ट्रॅक शेवटी ज्या मास्टरवर येऊन मिळतात, तिथे पुन्हा एकटीच लाटणार. म्हणून एकेका कोरचा जोर आधी बघायचा, संख्या नंतर.

रेकॉर्डिंगला मी रीपर नावाचं जे सॉफ्टवेअर वापरते ते यात एक हुशारी करतं. जे ट्रॅक नुसते वाजत आहेत त्यांचं काम ते थोडं पुढे जाऊन आधीच उरकून ठेवतं. ज्या ट्रॅकचं लाल बटण दाबलंय, म्हणजे ज्यावर आत्ता कुणी गातंय, तिथे मात्र पुढचं करून ठेवणं शक्य नाही. पोरगी अजून गायलीच नाही तर आधी काय करून ठेवणार? तेव्हा सगळा ताण येतो तो त्या एका जिवंत ट्रॅकवर.

इंटेलने 2021 पासून, बाराव्या पिढीपासून, एकाच प्रोसेसरमध्ये मोठे आणि लहान असे दोन जातींचे कोर ठेवायला सुरुवात केली. चांगले आहेत, कितीतरी संगीतकार वापरतात. पण कोणतं काम कुणाकडे जाईल याची खातरजमा करत बसायची माझी तयारी नव्हती. मी घेतला एएमडीचा रायझन 7 7700. आठ कोर, आठही सारखे, वेग 5.3 गिगाहर्ट्झपर्यंत, आणि मुख्य म्हणजे 65 वॉटचा. कमी वॉट म्हणजे कमी उष्णता, कमी उष्णता म्हणजे पंखा हळू, आणि पंखा हळू म्हणजे माइकमध्ये घोंघाट नाही. शिवाय त्याच्यातच पडद्यापुरतं ग्राफिक्स आहे. म्हणून ग्राफिक्स कार्ड यादीतून उडालं. भाच्याच्या तोंडावर सुतकी कळा आली.

एमजी रोडवरच्या दुकानातही हाच प्रसंग. "मुलासाठी घेताय का मॅडम?" नाही, माझ्यासाठी. "मग ऑफिसचं काम असेल." नाही, गाण्याचं. "गाणी ऐकायला एवढी रॅम?" मी हसले आणि बसायला स्टूल मागितलं.

ॲपलच्या मॅक मिनीचा विचार केला नाही असं नाही. एम 4 चिपचा 59,900 ला मिळत होता, आवाज जवळपास नाहीच, आणि खरं सांगायचं तर नवशिक्याने डोळे झाकून घ्यावा असा आहे. पण त्या किमतीत 16 जीबी रॅम आणि 256 जीबी जागा. रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि माझी काही जुनी सॉफ्टवेअरमधली वाद्यं फक्त विंडोजवर चालतात. पेटीची भाती फाटली तर मी स्वतः चिकटवते. संगणकाचंही झाकण उघडता यावं, एवढीच हौस.

आता रॅम. तानपुऱ्याचा किंवा व्हायोलिनचा एकेक सूर खऱ्या वाद्यावरून रेकॉर्ड केलेला असतो, जोरात, हळू, मधला, असा कितीतरी वेळा. कॉन्टॅक्टसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये आणून ठेवतं आणि बोट पडलं की उरलेला सूर डिस्कवरून ओढतं. माझ्या कामाला 32 जीबी पुरली असती. पण या प्रोसेसरला लागणाऱ्या डीडीआर 5 जातीच्या रॅमची एक खोड आहे: दोन पट्ट्या लावल्या तर अधिकृत वेग 5200, चार लावल्या तर 3600. म्हणजे आज दोन आणि पुढे अजून दोन, हे गणित तोट्याचं. म्हणून एकदम 32 च्या दोन घेतल्या, साडेसतरा हजाराला. घरात यावरून थोडं ऐकून घ्यावं लागलं. 2025 च्या अखेरीला रॅमचे भाव जे भडकले, त्यानंतर मात्र हा विषय कुणी काढलेला नाही. मी अधूनमधून काढते.

डिस्कच्या बाबतीत दुकानदार सेकंदाला सात हजार, दहा हजार एमबी असे आकडे फेकत होता. मी मोबाइलवर साधा हिशोब केला. 24 बिटचा एक मोनो ट्रॅक 48,000 वर सेकंदाला 144 केबी खातो. चाळीस ट्रॅक झाले तरी सहा एमबीसुद्धा नाही. हे तर माझी जुनी हार्ड डिस्कही ओढायची. तिची अडचण वेगळी होती. सुरांचे तुकडे डिस्कवर विखुरलेले असतात, आणि फिरत्या डिस्कची सुई एका जागेवरून दुसरीकडे जायला दहा-बारा मिलिसेकंद घेते. एका वेळी शंभर सूर मागितले की ती बिचारी धावून धावून दमणार. कुठलीही बरी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, या कामाला पुरते, नव्यातल्या नव्या तापणाऱ्या मॉडेलची गरज नाही. 1 टीबीची विंडोज आणि चालू गाण्यांसाठी, 2 टीबीची फक्त वाद्यांसाठी. साउंड कार्ड जुनंच ठेवलं. दोन माइकचा 24 बिट आवाज म्हणजे सेकंदाला सुमारे 23 लाख बिट, आणि साधं यूएसबी 2 तर 48 कोटी बिटांचं आहे.

जोडणी रविवारी झाली, आमच्याच जेवणाच्या टेबलावर. भाच्याने सगळं बसवलं, बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटं. त्याने घाम पुसला. सासूबाई म्हणाल्या, "राहूकाळात कशाला लावलंत?" तो बंद करायला हात नेत होता तेवढ्यात मीच म्हटलं, थांब, चहा करते. चहाला उकळी आली आणि आतून ओरडा आला, "मावशी, आलं!" नंतर कळलं की या नव्या जातीच्या मदरबोर्डांवर पहिल्यांदा चालू करताना रॅमची ओळखपरेड चालते, आणि 64 जीबी असली की तिला काही मिनिटं लागतात. तेव्हा कुणी नवीन जोडणी करत असाल तर चहा टाका, बटणाला हात लावू नका.

प्रोसेसरच्या खोक्यात एक रंगीत दिव्यांचा पंखा फुकट येतो. तो भाच्याला दिला. मी चार हजारांचा मोठा मनोरा कूलर घेतला, पंखा मोठा, हळू फिरणारा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळीशी गाठतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीतला छताचा पंखाही बंद करावा लागतो, तेव्हा हे पैसे सत्कारणी लागतात. वीजपुरवठ्याचा डबाही असा निवडला की कमी भारावर त्याचा पंखा फिरतच नाही. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे भार कमीच. कॅबिनेट काचेचा नाही, पत्र्याचा, आणि तो खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवला आहे. दारातून यूएसबीची तार आत येते. ती तार पाच मीटरच्या आत ठेवायची, यूएसबी 2 ची मर्यादा तेवढीच आहे. हे मी सहा मीटरची आणून शिकले.

एवढं सगळं झाल्यावर माइक लावला, आवाज वाढवला, आणि मागे एक अखंड 'हूंऽऽ'. जुन्या लॅपटॉपवरही हा हूं होता, पण चार्जर काढला की जायचा, म्हणून मी रेकॉर्डिंग बॅटरीवरच करायचे. आता बॅटरी कुठली? आपली वीज 50 हर्ट्झची. पेटीच्या भाषेत बोलायचं तर फार खालच्या सप्तकातली पांढरी पाच आहे 49 हर्ट्झवर, म्हणजे आमचं घर पांढरी पाचच्या जरासं वर गुणगुणत होतं. मुलींची पट्टी काळी चार. जमणार कसं!

त्यातच एकदा अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. भाचा म्हणाला सप्लाय खराब, परत करू. मी गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मीटर लावला, बोर्ड उघडला आणि हसायला लागले. तीन पिनांच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे तारच नव्हती. आमचं घर जुनं, कधीतरी कुणीतरी दिसायला म्हणून सॉकेट बदललं असणार. संगणकाच्या सप्लायमध्ये गोंगाट गाळायला जे कपॅसिटर असतात, ते थोडासा प्रवाह पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावर 230 च्या जवळपास निम्मे व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण हाताला आणि माइकला दोघांनाही कळतो. सप्लाय बिचारा निर्दोष होता.

मागच्या अंगणात तुळशीपासून जरा लांब खड्डा खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, माती. बोर्डापर्यंत नवी तार. सगळे मिळून सहा हजार गेले, आणि माझ्या अख्ख्या यादीत आवाजाला सर्वात जास्त फरक कशाने पडला असेल तर या खड्ड्याने. संध्याकाळी माइक लावला तर हूं गायब, आणि त्याच्या जागी कपालेश्वराकडून येणारी घंटा ऐकू आली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम आता सासूबाईंनी तुळशीच्या पाण्याबरोबर स्वतःकडे घेतलंय.

यूपीएस शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच गुळगुळीत लाट देणारा, घेतला. घरातल्या जुन्या इन्व्हर्टरवर लावून पाहिलं होतं, लाइट गेली की संगणक उडी मारून नव्याने सुरू व्हायचा.

शेवटची तडतड मात्र विंडोजची. 64 वर सगळं छान, पण दर काही मिनिटांनी एक 'कट्'. लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन आहे. ते चालू ठेवलं की प्रोसेसरला मध्येच पकडून कोण जास्त वेळ बोलत बसतं ते दाखवतं. आमच्याकडे वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, निघाला. म्हणजे मैफलीत ऐन समेच्या वेळी कुणीतरी येऊन कलाकाराच्या कानात पार्किंगबद्दल विचारावं, तसं. आता रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, आणि विजेच्या सेटिंगमध्ये हाय परफॉर्मन्स. एवढ्यावर भागलं.

सगळा हिशोब 95,300 झाला. यूपीएस आणि खड्डा वेगळा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला तीनेक हजार वाचले असते असं भाचा अजून म्हणतो, पण पंचवटी एक्स्प्रेसने पहाटे जा, रात्री खोकी सांभाळत या, आणि काही बिघडलं तर पुन्हा जा, हे माझ्याने झालं नसतं.

या डिसेंबरात ती मुलगी पुन्हा आली. आता सातवीत आहे. माझी माफी मी आधीच मागून झाली होती, तरी हेडफोन घालताना तिने माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं. बफर 64, कानात थोडा घुमारा. "येतोय का उशिरा?" "नाही ताई, लगेच येतोय." गायला लागली. पहिली ओळ सुरेख. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, मागच्या वर्षी जिथे मागे पडायची साधारण तिथेच, ती अर्धी मात्रा आधी आली. मी थांबवलं. पुन्हा. पुन्हा आधी. मी लेटन्सीमॉन बघितला, हिरवा. रीपरचा मीटर बघितला, स्वस्थ. वायफाय बंदच होतं. तिने हेडफोन काढला आणि जीभ चावली.

"ताई, आत्ता मात्र माझाच चुकला."